उंटासाठी घर

सावद्याच्या काट्यावर रात्रपाळी असली
की पट मी फ्रीजवर ठेवतो.
खाली ठेवला तर ड्रायव्हर लोक
त्याच्यावर चहाचे कप टेकवतात.

माझं सगळं ठरलेलं.
वजिराचं प्यादं दोन घरं. घोडा.
मग उंट, बाहेर,
प्याद्यांनी दार लावून घ्यायच्या आधी,
नाहीतर आतच कोंडतो तो डावभर.
मग ई-तीन, सी-तीन. कडी, कोयंडा.
समोरचा काय मांडतोय
ते दहाव्या खेळीपर्यंत मी फारसं बघत नाही.
बायको म्हणते, भाजी आणतानाही तुमचं असंच.

जुम्मा तडवी, पालचा.
केळीचा ट्रक रांगेत लावून येतो,
हातपाय धुतो
आणि न विचारता काळी घेतो.
मधलं अंगण सगळं मला देऊन टाकतो,
भांडत नाही.
जी-सहाला एक प्यादं उचलतो
आणि त्या फटीत उंट बसवतो, जी-सातला,
राजाच्या उशाला,
पुलाखाली दबून बसलेल्या आरटीओसारखा.
तिथून त्याला थेट माझ्या कोपऱ्यातला हत्ती दिसतो.
मध्ये माझी तीन प्यादी, तिरक्या रांगेत,
एकामागे एक, हँडब्रेक ओढून.

सहाव्या खेळीला मी एच-तीन केलं.
कडेचं प्यादं, एकच घर.
तो हसला.
"का हो भाऊ, कोनी माराले आलं नाही अजून,
अन् तुम्ही पळाचं घर बांधू राह्यले?"
मी म्हटलं, असू दे.

तेवढ्यात बऱ्हाणपूरची गाडी चढली.
सोळा टन चारशे.
रिकामी आली होती तेव्हा सात टन दहा.
वजा केलं की उरतं ते केळ.
माणसांचं असं काढता येत नाही,
रिकामं वजन कोणी घेऊनच ठेवलेलं नसतं.

आमचा एक डाव तीन-तीन हप्ते चालतो.
मंगळवारी दोन खेळ्या, शुक्रवारी एखादी,
कधी नुसतंच बघून जातो.
यंदा पुसात थंडीनं केळीला चरका बसला,
पानं भाजल्यासारखी, भाव बसलेला,
रात्री चार गाड्या आल्या तरी खूप.
मंगळवार गेला. शुक्रवार गेला.
मग त्याचा क्लीनर आला,
माझ्याच काट्याची पावती, पाठकोरी,
त्यावर पेन्सिलीनं: घोडा एच-पाच.

म्हटलं, तो कुठंय?
"दिल्ली लाइनीवर टाकलं मालकानं.
होळीलोंग काही येत नाही."

घोडा एच-पाच. सरळ माझ्या उंटावर.
उंट उठला, दोन घरं मागं सरकला,
एच-दोनला जाऊन बसला,
कुणाला न विचारता, स्वतःच्या घरी.

बाकी मग फोनवर.
धौलपूरच्या ढाब्यावरून, मागं तव्याचा आवाज.
घोडा दोन फोनांनी परत फिरला.
मी किल्लेकोट केला.
त्यानं वजीर हलवला, मी हत्ती,
अन् काल रात्री अडीच वाजता:
"भाऊ, ई-पाच. आता बोला."

म्हणजे अंगण हवं होतं त्याला.
इतके दिवस सोडून दिलं होतं ते यासाठी.
पण माझा उंट कडेला, राजाच्या कुशीत,
म्हाताऱ्यासारखा दिसत असला
तरी एच-दोनवरून तो त्याच ई-पाचकडे बघतोय,
पहिल्या दिवसापासून.
फक्त मागं गेलेल्याची नजर
कोणी मोजत नाही.

हे मी त्याला सांगणार होतो.
तिकडून हॉर्न आला, "थांबा, पुढची सरकली,"
आणि फोन कटला.

फ्रीज सुरू झाला की सगळा पट थरथरतो,
सोंगट्या हळूहळू घर सोडतात.
मी बोटानं त्याचा काळा उंट
पुन्हा जी-सातच्या बरोबर मधोमध केला.
माझा नसला म्हणून काय झालं,
पाळीत तो माझ्याकडंच आहे.

मारू का प्यादं, की नको?
बाहेर गाडी काट्यावर चढलीय.
ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बघतोय.
लाल आकडा वर-खाली होतोय,
अजून थांबलेला नाही.