गळती

अडतीस अंशांचा उतार.
गवत कापणारे इथे बुटांना खिळे ठोकून उभे राहतात,
आणि खालच्या गावात थट्टेनं म्हणतात,
वरच्या गाईंचे डावे पाय आखूड असतात.
ऑस्ट्रियाच्या त्या दरीत मी पहिल्यांदा चढले
ते लेझर, टेप आणि चुकीचे बूट घेऊन.

गेबहार्ट काठी रोवून वर उभा.
चौतीस वर्षं त्यानं हिमस्खलनावर पहारा केला होता,
म्हणजे रात्रभर ऐकत बसणं, दुसरं काय.
"बर्फ आधी कुठे वितळतो ते बघ," म्हणाला,
"आणि तिथे घर बसव."
माझ्या लॅपटॉपनं दोन रात्री आकडेमोड करून
जवळजवळ तीच जागा काढली, सहा मीटर पश्चिमेला.
आम्ही तीन मीटरवर मिटवलं.

एकवीस डिसेंबरला सूर्य
समोरच्या कड्यावर दहा चाळीसला येतो
आणि दोनला पडतो कड्यामागे.
तेवढ्या दिवसावर घर ऊब धरणार.
म्हणून दक्षिणेला काच, तिपदरी,
उत्तरेला पाठ डोंगरात रुतवून
घर उकिडवं बसवलं.
भिंत हातभर जाड, आत मेंढ्यांची लोकर.
फर त्याच्याच रानातला, जानेवारीत तोडलेला,
तोही वद्य पक्षात, नाहीतर फळी वाकते,
असं युर्ग सुतार म्हणतो.
कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.
फळ्या वाकल्या नाहीत. मी वाद घातला नाही.

क्रेसेन्झला मात्र शेगडी नसलेलं घर पटेना.
मी समजावलं: चार माणसांच्या अंगची ऊब
आणि बटाट्यांचं एक उकळतं पातेलं,
एवढ्यावर खोली भागते.
तिनं बोटं मोजली.
"आम्ही दोघंच आहोत," म्हणाली.
आराखड्यात एक छोटी शेगडी आली.

नोव्हेंबरात चाचणी.
दारात लाल कापड ताणून पंखा लावला,
घरातली हवा ओढून बाहेर टाकली.
आकडा शून्य पूर्णांक सहाच्या आत हवा,
आला शून्य पूर्णांक नऊ.
युर्ग ओला तळवा भिंतींवरून फिरवत निघाला,
मी धुराची कांडी घेऊन मागे.
झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीवर
धूर एकाएकी माझ्या तोंडावर आला.
बोटभर भोक. कडा नीट घासलेल्या,
बाहेरून किड्यांसाठी जाळीसुद्धा.

युर्गनं माझ्याकडे पाहिलं, मी गेबहार्टकडे,
गेबहार्टनं स्वतःच्या बुटांकडे.

"गादी टाकून तीन रात्री झोपलो.
ओढा ऐकू येईना.
वरचा उतार हलला तर मला कळायचं कसं?"

तिथे आता सेन्सर आहेत, मी म्हटलं,
मोबाइलवर सूचना येते.

"येत असेल," म्हणाला.

त्या रात्री हिशेबाच्या तक्त्यात
मी एक ओळ घातली: कान, नग एक.
वर्षाला लागणारी युनिटं.
फार नव्हती. मला वाटलं होतं त्याहून कमीच.
भोक बुजवलं, आणि उशीपाशी
वीतभर खिडकी काढली, जाड झडपेची, आतून खिट्टी.
दुसऱ्या चाचणीला ती बंद होती.
शून्य पूर्णांक सत्तावन्न.
प्रमाणपत्र क्रेसेन्झनं कुठे ठेवलं, माहीत नाही.

फेब्रुवारीत रस्ता बंद झाला
म्हणून एक रात्र मी तिथेच राहिले.
उबेनं झोप लागेना; माझ्याच घराची ऊब, आणि मला नवी.
तीनच्या सुमाराला पलीकडे खिट्टी वाजली.
मी श्वास धरला.
बर्फ पडत होता. ओढा खाली, अर्धा गोठलेला,
मधेच एक शब्द बोलून थांबणारा.
किती वेळ गेला कुणास ठाऊक.
मग खिट्टी लागली.

सकाळी त्यानं विचारलं, "ऐकलंस?"
"काय?"
"काही नाही, तेच,"
म्हणाला, आणि बटाटे सोलायला बसला.