दोनशे मिलिग्रॅम

विश्रामबागच्या कॉलेजात, तळमजल्याच्या प्रयोगशाळेत
हायड्रोजनचा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलाय,
एकदा चावलेलं कुत्रं बांधावं तसा.

आधी अर्धा तास नायट्रोजन.
भूपालअण्णांचा हा एकच नियम, तो ते रोज सांगतात:
"नळीतली हवा हाकल, मग भट्टी लाव.
उलटं केलंस तर छत हुडकायला कृष्णाकाठी जावं लागंल."

क्वार्ट्झच्या नळीत, चिनी मातीच्या होडीत
तांबं आणि लोखंड, एकाच जाळीत बसलेलं,
चिमूटभर काळपट पूड.
मिनिटाला पाच अंश.

नुसतं लोखंड कसं वागतं, ठाऊक आहे मला.
गेल्या आठवड्यात एकटंच ठेवलं होतं.
तीनशेला ढिम्म. पुढे कुरकुरलं,
लालाचं काळं झालं आणि तिथंच अडून बसलं,
सहाशेपर्यंत ऑक्सिजन सोडता सोडेना.

आज तांबं सोबतीला.
अडीचशेही झाले नव्हते,
तांब्याने आपला वाटा मोकळा केला
आणि त्याच्या उघड्या अंगावर हायड्रोजन फुटला,
सुटा सुटा होऊन शेजारी सरकला,
लोखंडाच्या दारात.
आलेखावरची रेघ घसरली. शंभर अंश आधी!

"असंच असतंय," अण्णा म्हणाले.
कुपवाडच्या फौंड्रीत बावीस वर्षं ओतकाम केलेला माणूस.
मग माझ्या जुन्या वहीवर बोट ठेवलं:
निकेल, ॲल्युमिनाच्या संगतीतलं.
आठशेलाही पुरतं सुटलं नव्हतं.
"आणि असंबी."

नळीच्या थंड टोकाला दव धरलं.
मे महिना, गावात दिवसाआड पाणी,
आणि इथं कोरड्या पुडीतून निघालेलं साठ मिलिग्रॅम.
एक थेंब. फार तर सव्वा.

साडेसहाची मिरजेची बस होती.
गार होऊ दिलं नाही मी, टोपण काढलं,
आणि पूड कडेकडेने लाल होत गेली,
ज्वाळा नाही, आवाज नाही,
कुणीतरी अंधारात विडी ओढावी तशी.

अण्णा रागावले नाहीत. होडी तराजूवर ठेवली.
एकशे अठ्ठ्याण्णव.
"आलं की गं सगळं माघारी."

वजन आलं होतं.
दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या आलेखात
तांब्याचा ऑक्साइड वेगळा, लोखंडाचा वेगळा,
वाटण्या झाल्यासारखे.
ती जाळी कुठेच नव्हती.

वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: घाई.
मग खोडून
तापमान लिहिलं.