उतारा

एक थेंब रक्ताचा, एक न्यू मिथिलीन ब्लूचा.
वीस मिनिटं थांबायचं.
तेवढ्यात मी डबा उघडते, भात, लाखोळीची डाळ,
आणि हात धुऊन
काचेवर ओढते तो निमुळता ओघळ.

सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षं
मी कोवळ्या पेशी मोजते,
ज्यांच्या पोटात निळ्या सुताचा गुंता दिसतो त्या.
तो गुंता म्हणजे उतारे.
पुस्तकात त्याला आरएनए म्हणतात.
पण तलाठ्याच्या दारात जो तासभर उभा राहिलाय
त्याला ते नाव लागत नाही:
मूळ दप्तर कुलपात,
हाती येते ती नक्कल, एका कामापुरती,
काम झालं की चोळामोळा.

लाल पेशी तर अशी वेंधळी, किंवा शहाणी,
रक्तात उतरण्याआधी
अख्खं दप्तरच बाहेर फेकते.
खिशातल्या चार उताऱ्यांवर दोन दिवस काढते,
मग चार महिने नुसतं ओझं वाहते.

दिलखुश मडावीची पेशी तेवढी जगत नाही.
वीस दिवसही नाही.
त्याच्या दप्तरात एक अक्षर चुकलंय,
उतारा इमानदार, चूक तशीच उतरवतो,
आणि पेशी विळ्यासारखी वाकते.
म्हणून तो महिन्यातून दोनदा इथे,
गुडघे पोटाशी, सलाईनखाली.
कौतुकाबाईनं फाट्यावर उतारा टाकला,
लिंबू, कुंकू, उकडलेलं अंडं.
सांगताना लाजली.
मी म्हटलं, मीपण तेच शोधतो ना बाई.

लाल कार्ड रंभालाही आहे.
तीच आई, तोच बाप,
तेच चुकलेलं अक्षर, दोन्हीकडून.
रंभा शेळ्या चारते, बोडीत डुंबते,
मे महिन्यात तेंदूचे दोनशे पुडे बांधले तिनं.
काहून?

चंद्रपूरहून आलेख आला: एफ, बावीस टक्के.

एफ म्हणजे गर्भातलं रक्त,
आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेणारं.
त्याचं पान वेगळं, त्यात चूक नाही.
बाळ बसायला, रांगायला लागतं तोवर
कुणीतरी त्या पानावर दगड ठेवतं.
फाडत नाही, खोडत नाही,
फक्त नक्कल देणं बंद.
दिलखुशच्या पानावर दगड घट्ट बसला.
रंभाच्या दगडाखाली फट राहिली.

हे सगळं मी कौतुकाबाईला सांगितलं,
तलाठी, दप्तर, दगड.
आलेखावरच्या त्या उंच टेकाडावर
बोट ठेवून ती बसली बराच वेळ.
"म्हंजे ह्या पोरीनं माहं पोट सोडलंच नाही जी."
मग, हळू,
"अन् त्यानं घाई केली."
घाई त्यानं केली नव्हती.
पण हे मी बोलले नाही.

रोज एक कॅप्सूल.
मुळात कर्करोगाचं औषध, बेफाम वाढीला लगाम घालणारं,
इथे त्याचा दुसराच गुण कामी येतो:
दगड थोडा सरकतो.
नेमका कसा, ते मोठ्या डॉक्टरांनाही
पुरतं सांगता येत नाही.
जूनमध्ये दिलखुशचा एफ चार, ऑक्टोबरात अकरा.
मधे सप्टेंबरात दोन आठवडे साठाच नव्हता.
ते आलेखात नाही,
ते त्याच्या डोळ्यांच्या पिवळेपणात होतं.

आज धान कापणीला गाव बांधीत गेलाय,
रंभाच्या हातात विळा.
हा मात्र तपासणीला आला, स्वतःच्या पायांनी,
येताना खिशात चार आवळे.
म्हटलं, बघतो का?
स्टूलवर चढून त्यानं भिंगाला डोळा लावला.

"हे कोणाचं अक्षर आहे जी?"
तुझंच.
"वाचता नाही येत."
मलेपण नाही येत रे. मी मोजतो फक्त.

मग तोही मोजायला लागला, ओठ हलवत,
निळ्या वेगळ्या, साध्या वेगळ्या.
सदतीसवर चुकला.
आता पुन्हा पहिल्यापासून.
बाहेर रांग खोळंबलीय, मी काही म्हणत नाही.