एका काडतुसामागे

बाजारचं काडतूस अडतीस रुपयांना, घरचं तेवीस.
एकामागे पंधरा सुटतात, हे म्हणाले,
आणि माझ्या दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या.
यंत्र नऊ हजारांचं, जुनं.
सहाशे काडतुसांत फिटेल, मग सगळा नफाच.

मी बँकेत सव्वीस वर्षं रोकड मोजली.
‘मग सगळा नफाच’ म्हणणारी माणसं
काउंटरच्या जाळीतून पुष्कळ पाहिली.
पण यंत्र आलं. टॅक्सीच्या डिकीत, गोणपाटात,
सोबत क्लबचं पत्र, परवान्याची झेरॉक्स.
वडाळ्याच्या क्वार्टर्समधल्या आमच्या बाल्कनीत
कपड्यांच्या दोरीखाली बसलं, शिवणयंत्राच्या जागी.
शिवणयंत्र पलंगाखाली गेलं.
हा खर्च कुणी लिहिला नाही.

रविवारी रेंजवरून पिशवीभर टरफलं यायची,
लाल, हिरवी, दुसऱ्यांनी टाकलेलीसुद्धा.
पोर्ट ट्रस्टचा सुपरिंटेंडंट
लोकांच्या पायांतली टरफलं वाकून वेचतो,
हे वरळीला मी या डोळ्यांनी पाहिलंय.
मग दारू, बूच, छर्रे,
आणि शेवटी तोंड मुडपायचं, करंजीची कड मुडपावी तसं.
ती घडी त्यांनी माझ्याकडूनच उचलली.
ते मानत नाहीत.

तळमजल्याच्या गोलतकर वहिनींनी जिन्यात विचारलं,
“भावजी घरी दारू भरतात म्हणे?”
म्हटलं, “हो, दर बुधवारी. तराजूवर मोजून.
कणभर सांडत नाहीत.”

आता हिशोब.
आधी रविवारी पन्नास बार व्हायचे,
स्वस्त झाल्यावर शंभर.
पन्नास गुणिले अडतीस, एकोणीसशे.
शंभर गुणिले तेवीस, तेवीसशे.
वर मातीच्या तबकड्या दुप्पट,
आणि त्या काही घरी भाजता येत नाहीत.
वही त्यांच्यापुढे सरकवली.
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.
“पण काडतूस स्वस्तच पडतं ना?”
पडतं.
तेच तर.

पुढे निवडणूक लागली.
बंदूक पोलीस ठाण्यात जमा, गुलाबी पावती:
चेंबूरकर श्रीरंग महादेव, बारा बोअर, दुनळी, नग एक.
दोन महिने बार नाही, तबकडी नाही, टॅक्सी नाही.
हे घरात होतं तेवढ्या मालावर भरतच राहिले.
तेवढ्या दोन महिन्यांत माझ्या वहीत
पहिल्यांदा काही शिल्लक पडलं.
म्हटलं, लोकशाहीने वाचवलं.
हसले नाहीत.

बंदूक परत आली तेव्हा
उजवा खांदा वर जाईना.
डॉक्टर डायस म्हणाले, नमस्कार करता येईल,
मिठी मारता येईल एखाद्या बुटक्या माणसाला,
बंदुकीचं विसरा.
मी बुटकीच आहे. पण ते असो.

बिस्किटांच्या डब्यात दोनशे चौदा भरलेली आहेत.
विकता येत नाहीत, कायदा आहे.
क्लबात जमा करता येतील, तर करवत नाहीत.
रिकाम्या टरफलांत मी दिवाळीला रांगोळीचे रंग भरते;
बुडाला पितळ असतं, छान उभी राहतात,
आणि गोलतकर वहिनी दरवर्षी चार मागून नेतात.

बुधवारी जेवणं झाल्यावर
हे अजून बाल्कनीत जातात.
डाव्या हाताने दांडा खाली ओढतात, नुसताच.
टक्.
खाली काही नसतं, वर काही नसतं,
दोरीवर माझा परकर आणि यांचा बनियन.
टक्.
मी ओटा पुसता पुसता आतून म्हणते,
पंधरा दुणे तीस.
टक्.
पंधरा त्रिक पंचेचाळीस.
थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही.
मग टक्.
साठ, म्हणते मी, आणि फडकं पिळून वाळत घालते.