निपाणी, तिसरा प्रयोग

पोस्टरवर माझंच नाव,
दोन्ही लिप्यांत, सगळ्यांत वर.
गेल्या साली मी गायचे
मोठ्या गायकांचा चहा होईस्तोवर दोन गाणी.

संकेश्वरात कानडी गाण्याला वन्समोअर.
चिकोडीत लाईट गेली,
लोकांनी मोबाईल धरले.
आज ही तंबाखूची जुनी वखार:
चुना मारलाय, लेझर लावलेत,
वास मात्र जागचा हललेला नाही.

वरच्या सुराला घसा धरला.
खोकले. माईकमधून, अख्ख्या निपाणीला.

कुणी हसलं नाही.
तिसऱ्या रांगेत आई खोकली,
मग तिच्या शेजारची, मग मागची,
वीस-बावीस वर्षं इथंच तंबाखू चाळलेल्या बायका.

ड्रमवर बसाप्पानं काठ्या उचलल्या,
माझ्याकडं बघितलं.
थांब, म्हटलं.
होऊ दे की त्यांचं.