काणाडोळा

ग्लदानीतली नऊ मजली इमारत.
नाणं टाकल्याशिवाय लिफ्ट हलत नाही,
आणि त्या नाण्यांचा डबा
दोनदा कुणीतरी फोडलाय.
म्हणून मला बोलावलंय, तिबिलिसीच्या या टोकाला.

अंगणात, द्राक्षवेलीखाली, डॉमिनोच्या टेबलावर
मी कॅमेरे मांडतो
बोहारणीने भांडी मांडावीत तसे.

हा बुलेट. लांबट, भिंतीतून बाहेर आलेला.
तो दिसतो, तेच त्याचं काम.
चोराला आधीच कळतं आपण दिसतोय.

हा डोम. उपडी वाटी.
कुठे बघतोय कळत नाही,
त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, माझ्याकडेच.
"माझ्या सासूसारखा," बद्री म्हणतो
आणि सहा-चारची सोंगटी आपटतो.

हा फिरता. मान वळवतो,
लांबचं जवळ ओढून बघतो. महाग आहे.
आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत :
तो डावीकडे बघत असताना
उजवीकडे काय झालं
ते त्याला कधीच कळत नाही.

"मग नको," म्झेविनार म्हणते.
ती सोसायटीची प्रमुख,
एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली.
"किती मीटरपर्यंत चेहरा चेहरा राहतो?"
या भिंगात चार, मी सांगतो.
पुढे नुसतं जाकीट.
त्याच्याही पुढे फक्त चाल.
ती चौकटींच्या वहीत लिहून घेते.

"दार पश्चिमेला. संध्याकाळी आत येणारा प्रत्येकजण
काळा ठिपका होणार."
मी तिच्याकडे नीट बघतो.
हे मला सहसा कुणी विचारत नाही.
ऊन-सावली एकत्र सांभाळणारा वेगळा येतो, म्हणतो,
थोडा महाग.
"थोडा म्हणजे?"
यात पाऊण तास जातो.

"आणि अंधारात?"
मिट्ट काळोखातही दिसतं, मी छाती काढून सांगतो.
ती त्या ओळीखाली रेघ मारते.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मात्र सगळ्यांचं एकमत :
तिथं पोरं बसतात, सिगरेटी ओढतात,
डबा त्यांनीच फोडला असणार.
एक रात्र लावून बघू, मी म्हणतो.

सकाळी गाडीत बसून मी ती रात्र पळवतो.

बारा दहा. मांजर.
दोन वाजता एक मुलगी, बूट हातात घेऊन.
पोरं आलीच नाहीत.
सहा वीस. ओतिया, सातव्या मजल्यावरचा,
काखेत तंदूरचा लांब पाव,
इन्फ्रारेडमध्ये डोळे मांजरासारखेच चमकणारे.
पायरीवर बसतो.
खिशातून नाणी काढून तळव्यावर मोजतो.
पुन्हा मोजतो.
पुन्हा खिशात ठेवतो.
ओठ हलतात. या कॅमेऱ्याला कान नाहीत,
बरंच आहे.

मग तो दचकून उठतो.
कॉलर सारखी करतो, एक पाय वरच्या पायरीवर ठेवतो,
मधे थांबलाच नव्हता जणू.
वरून बद्री उतरतो. दोघं हसतात, हात मिळवतात,
बद्री खाली जातो.
ओतिया त्याची पावलं विरेपर्यंत उभा राहतो
आणि परत बसतो.

अकरा मिनिटं.
हे मी एकदाच बघितलं.
मग पुसून टाकलं.

दुपारी कोटेशन देतो.
फाटकाला बुलेट एक.
दाराशी डोम एक, ऊन-सावलीवाला.
लिफ्टच्या आत छोटा, डब्याकडे तोंड करून.
तिसरा मजला : नको. प्रकाश अपुरा.

म्झेविनार वाचते.
चष्मा कपाळावर सरकवते,
वहीची पानं मागे उलटत
त्या रेघ मारलेल्या ओळीपाशी थांबते.
मग माझ्याकडे बघते,
चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढलेल्या
मुलाकडे बघावं तशी.

सही करते. पेनाला टोपण लावते.

"अपुराच आहे," म्हणते,
"फार अपुरा."