हक्कसोड

चिमटे सोडले की
एक क्षण येतो, बंकटराव,
जो मला कुणी शिकवला नव्हता.
बर्फातून आलेला, राखेच्या रंगाचा तो मूठभर अवयव
तुमच्या रक्ताची ओळख पटेस्तोवर
तसाच पडून राहतो.
भूल देणारे काझीसर शीळ थांबवतात.

मला दर वेळी आमच्या मळ्यातलं बोअर आठवतं.
सव्वासहाशे फुटांवर नुसता पांढरा फुफाटा
आणि वडील तोंडाला रुमाल धरून
मशीनवाल्याला म्हणतायत, अजून वीस.
तिथं लागलं नाही.
हे मी ऑपरेशनच्या खोलीत कुणाला सांगत नाही.

तुमचं लागलं.
आधी गुलाबी झालं, मग टणक,
मग नळीच्या तोंडाशी एक थेंब थरथरला
आणि सिस्टर मोघे, अठरा वर्षांची नोकरी,
नेहमीसारख्याच म्हणाल्या,
"आलं गं बाई पाणी."

*

म्याडम, मी टँकर चालवायचो.
पाठीशी बारा हजार लिटर
अन् मला दिवसाला तीन पेले,
गोळ्या गिळायचं पानी त्यातच.
बाया हंडे आपटायच्या,
एखादी म्हणायची, डायवर, तुला काय कमी?
मी गालात बर्फाचा खडा धरून
उगं हसायचो. बोललं की इरघळतो तो.

हफ्त्यातून तीन बाऱ्या मशीनवर.
अंगातलं रगत भाईर जायचं,
धुऊन परत यायचं,
मी छताचे पत्रे मोजायचो. एकोणतीस.

अक्का देते म्हणली तवा मी नको म्हणलो.
म्हणलो म्हंजे, एकदाच म्हणलो.
दुसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही.
तिनं खरंच ऐकलं असतं तर?

*

समितीच्या खोलीत कॅमेरा चालू होता.
गयाबाईंना विचारलं:
कुणाचा दबाव? पैशाचं काही? स्वखुशीनं देताय?
त्यांनी पदर सारखा केला.
"सतरा वर्सं झाली. बदनापूरला रजिस्ट्री हाफिसात
अडीच एकराची हक्कसोड केली मी भावाला.
तवा असं कुणी इचारलं नाही, बाई.
एक सही, एक लुगडं,
अन् जीपमदी बसवून घरी आणून सोडलं.
आज पहिल्यांदा कुणी इचारायलंय
तर जरा येळ लावून सांगते."

आणि खरंच वेळ लावला.
पंखा फिरत होता. कॅमेऱ्यावाल्या पोरानं
दोनदा घड्याळ पाहिलं.
मी तुमचे आकडे हातात घेऊन बसले होते,
ते दर दिवसाला वाईट होत चालले होते,
आणि तरी मला वाटत होतं
अजून थोडा वेळ लावावा या बाईनं.

"होय," म्हणाल्या. "लिहा."
का, ते सांगितलं नाही.
फॉर्ममध्ये तो रकाना नाही.

*

ती अडीच एकर इकून मी टँकर घेतला, म्याडम.
हे तुमाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही पेला दिला, म्हणलात,
प्या आता, रोज तीन लिटर.
मी व्हटाला लावला अन् थांबलो.
दोन वर्सांची सवय, हात आपसूक मोजायला लागला.
पडद्यापल्याड अक्का खोकली,
खोकताना टाक्यावर उशी दाबून धरली आसंल,
तसा दबका आवाज.
मग मी प्यालो.
सगळा. खाली ठिवला नाही.

*

परवा तपासणीला दोघं आले,
रिकामा टँकर जालना रोडवर उभा करून.
गयाबाईंचा कागद कुणी काढलाच नव्हता,
त्या 'सोबत आलेल्या' म्हणून बाकड्यावर.
मी आत बोलावलं.
सासरी दिलेल्या लेकीची खुशाली पुसावी
तशा हळूच म्हणाल्या,
"त्याच्याकडचं बरंय ना?"

बरंय, म्हटलं. आणि तुमच्याकडचं?

"ते कुठं जातंय," म्हणाल्या,
आणि रक्त द्यायला बाही वर केली.